विश्लेषण : पायातला संदेश मेंदूपर्यंत किती वेगाने जातो? ‘मायलिन’चे आवरण बिघडले तर काय होते?

हातापायांना मुंग्या येतात, जिना चढताना पाय साथ देत नाहीत, हातातली वस्तू निसटते. अशी तक्रार घेऊन परळच्या केईएम किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात गेलेल्या रुग्णाला अनेकदा एक तपासणी सांगितली जाते. तिचे नाव ‘एनसीव्ही’. हातात पडणाऱ्या अहवालात आकड्यांची लांबलचक रांग असते आणि शेवटच्या रकान्यात लिहिलेले असते, मीटर प्रति सेकंद. कुणाचा आकडा ५२, कुणाचा २४. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोम अर्थात ‘जीबीएस’चे रुग्ण वाढले, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. फेब्रुवारीत मुंबईतही या आजाराने एक मृत्यू झाला. तेव्हापासून ही तपासणी घराघरांत चर्चेत आली. मात्र हा वेग नेमका कशाचा आणि तो कमी का होतो, हे फारसे सांगितले गेले नाही. त्याचे उत्तर मज्जातंतूंभोवतीच्या एका स्निग्ध आवरणात आहे.

एनसीव्ही तपासणीत काय मोजतात?

तत्त्व शाळेतल्या गणिताचे आहे : अंतर भागिले वेळ. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूवर एक चकती चिकटवतात. मनगटावर विजेचा हलका झटका दिला की काही मिलिसेकंदांत अंगठा हलतो. मग तोच झटका कोपराजवळ देतात. आता अंगठा किंचित उशिरा हलतो. समजा, मनगटावरून ३.५ मिलिसेकंद लागले आणि कोपरावरून ८ मिलिसेकंद. फरक ४.५ मिलिसेकंदांचा. कोपर ते मनगट हे अंतर टेपने मोजले तर २२.५ सेंटिमीटर. भागाकार केला की येतात ५० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १८० किलोमीटर.

प्रौढ निरोगी व्यक्तीत हातातल्या मज्जातंतूंचा वेग साधारण ५० आणि पायातल्यांचा ४० मीटरच्या वर असतो. याच अहवालात आणखी एक रकाना असतो, लहरीच्या उंचीचा. रुग्ण तिकडे क्वचितच बघतात, पण तोही तितकाच महत्त्वाचा. उंची कमी आणि वेग बराचसा शाबूत असेल तर तंतूंची संख्याच घटली असावी, असा अंदाज बांधतात. वेगच निम्म्यावर आला असेल तर तंतू जागेवर आहेत, पण त्यांचे आवरण बिघडले आहे, असा संशय येतो. उपचाराची दिशा बरेचदा इथे ठरते.

हात गार असेल तरी वेग कमी दिसतो. वातानुकूलित खोलीत तपासणीआधी रुग्णाचा हात-पाय गरम कपड्यात गुंडाळून ठेवतात तो त्यासाठी. शिवाय ही तपासणी फक्त जाड, वेगवान तंतूंचे मोजमाप करते. तळपायांची आग होणाऱ्या मधुमेही रुग्णाचा अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो, कारण आग जाणवून देणारे बारीक तंतू या यंत्राला दिसतच नाहीत. अहवाल नॉर्मल म्हणजे त्रास मनाचा, असे घरच्यांनी ठरवून टाकणे त्यामुळे चूक.

मज्जातंतूची रचना कशी असते?

मज्जातंतू म्हणजे एकच एक तार नव्हे. मनगटातून जाणाऱ्या एका नसेत हजारो सूक्ष्म तंतू शेजारी शेजारी बांधलेले असतात. प्रत्येक तंतू हा एका चेतापेशीची लांबच लांब शेपटी असतो. त्याला अक्षतंतू म्हणतात. पायाचा अंगठा हलवणाऱ्या पेशीचे शरीर कमरेच्या पातळीवर, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत असते आणि तिची शेपटी तिथून पावलापर्यंत सुमारे मीटरभर जाते. जाडी मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास.

या शेपटीवर ठरावीक अंतराने एकेक पेशी स्वतःला गुंडाळून घेते. हातापायांच्या नसांमध्ये हे काम श्वान पेशी करतात. (नाव जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्यावरून आले आहे, कुत्र्याशी त्याचा संबंध नाही.) पेशी तंतूला कवेत घेते आणि मग तिची पातळ कड तंतूभोवती फिरत राहते. सुरळीची वडी गुंडाळावी तसे थरावर थर चढतात. आतला द्रव पिळून बाहेर जातो आणि मागे उरतात एकमेकांना घट्ट चिकटलेली पेशीपटले. जाड तंतूंवर अशा वेढ्यांची संख्या शंभराच्या घरात जाते. ही गुंडाळी हेच मायलिन. त्याचे कोरडे वजन घेतले तर सत्तर टक्क्यांहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा, त्यात कोलेस्टेरॉल भरपूर. बाकीची प्रथिने. मायलिन तंतूच्या आत तयार होत नाही, बाहेरची पेशी ते गुंडाळते, हे १९५४ मध्ये बेटी गेरेन यांनी कोंबडीच्या पिलांच्या भ्रूणांवरील अभ्यासातून दाखवून दिले.

मायलिन हा शब्द रुडॉल्फ विरशॉ यांनी १८५४ मध्ये रूढ केला, तो मज्जा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मराठीतल्या ‘मज्जातंतू’तही तीच मज्जा आहे. खाटकाकडून आणलेला भेजा कापला तर आतला भाग पांढरट दिसतो, तो या स्निग्ध आवरणामुळेच.

एक श्वान पेशी तंतूचा साधारण एक मिलिमीटर तुकडा झाकते. मग जेमतेम एक मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची उघडी फट. पुढे दुसरी पेशी, दुसरा तुकडा, पुन्हा फट. कमरेपासून पावलापर्यंतच्या एकाच तंतूवर अशा सुमारे हजार पेशी ओळीने बसलेल्या असतात. या फटी १८७० च्या दशकात फ्रान्सच्या लुई रॅनव्हिए यांनी वर्णन केल्या. त्यांना रॅनव्हिएच्या गाठी म्हणतात. नाव गाठीचे असले तरी तिथे जाड काही नसते, उलट आवरण नसते.

मेंदू आणि मज्जारज्जूत हेच काम ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी करतात. फरक एवढाच की तिथली एक पेशी आपले अनेक हात पसरून तीस-चाळीस तुकडेही एकटीच झाकू शकते. काटकसरीचा मार्ग, पण एक पेशी मेली की अनेक तंतू एकदम उघडे पडतात.

संदेश म्हणजे नेमके काय धावते?

विजेच्या तारेत इलेक्ट्रॉन धावतात तसे मज्जातंतूत धावत नाहीत. तंतूच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. पटलातले पंप सतत तीन सोडियम बाहेर टाकतात, दोन पोटॅशियम आत घेतात. परिणामी विश्रांतीच्या वेळी तंतूची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. धक्का लागला की सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसतो आणि क्षणभर आतली बाजू धन होते. मग ती दारे बंद होतात, पोटॅशियम बाहेर जाऊन स्थिती पूर्ववत होते. हा सगळा खेळ साधारण एका मिलिसेकंदाचा. यालाच आवेग म्हणतात. एका जागी सोडियम आत आला की शेजारच्या जागेलाही धक्का लागतो, तिथली दारे उघडतात आणि आवेग पुढे सरकतो.

आवरण नसलेल्या तंतूत हे प्रत्येक इंचाइंचाला घडावे लागते. त्याचा वेग म्हणूनच सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्याइतका.

उघड्या तंतूची अडचण समजण्यासाठी बारीक छिद्रे पडलेली, मऊ रबराची पाण्याची नळी डोळ्यांसमोर आणावी. एका टोकाने पाणी सोडले की काही छिद्रांतून गळते आणि काही नळी फुगवण्यात खर्च होते. दुसऱ्या टोकाला दाब पोहोचतो तो उशिरा आणि कमी. याच नळीवर चिकटपट्टीचे घट्ट वेढे दिले तर गळतीही थांबते आणि फुगवटाही. मायलिन नेमकी ही दोन कामे करते. विद्युतभार पटलातून बाहेर गळू देत नाही आणि पटलावर साठून वाया जाऊ देत नाही. त्यामुळे एका फटीत आत आलेला विद्युतप्रवाह आवरणाखालून, तंतूच्या आतून, जवळपास लगेच पुढच्या फटीपर्यंत पोहोचतो.

मग फटींची गरज काय? सगळा तंतू एकसंध झाकला तर बरे, असे वाटेल. पण कितीही चांगली नळी घेतली तरी मीटरभर अंतरात दाब घसरतोच. मध्ये मध्ये पंपिंग स्टेशन लागते. प्रत्येक फट हे ते स्टेशन. सोडियमची दारे तिथे खच्चून भरलेली असतात, एका चौरस मायक्रोमीटरमध्ये हजाराहून अधिक. आवरणाखाली ती नगण्य. दर फटीला आवेग नव्याने, पूर्ण ताकदीचा तयार होतो. फटीच्या दोन्ही कडांना मायलिनचे वेढे तंतूला घट्ट शिवल्यासारखे असतात आणि पोटॅशियमची दारे त्या शिवणीपलीकडे, आवरणाखाली लपलेली असतात.

जलद लोकलची उपमा कुठवर चालते?

मुंबईकराला हे सांगायची सोपी वाट मध्य रेल्वेवरून जाते. धीमी लोकल भायखळ्यानंतर चिंचपोकळी, करी रोड, परळ करत दादर गाठते. जलद लोकल भायखळ्याहून थेट दादरला. रूळ तसाच, इंजिनाची ताकदही तीच, वाचतो तो थांब्यांचा वेळ. मज्जातंतूतही प्रत्येक ठिकाणी दारे उघडण्याला वेळ लागतो. मायलिनमुळे मधले थांबे गाळले जातात. ५० मीटर वेगाच्या तंतूत एका फटीपासून पुढच्या फटीपर्यंत जायला जेमतेम २० मायक्रोसेकंद लागतात. याला उडीमार वहन म्हणतात. १९३९ च्या सुमारास जपानचे इचिजी तासाकी आणि १९४९ मध्ये अँड्र्यू हक्सली व रॉबर्ट स्टेम्फ्ली यांनी एकेका तंतूवर प्रयोग करून ते दाखवले.

उपमा इथे थांबवलेली बरी. लोकल भायखळा सोडल्यावरच दादरला पोहोचते. आवेगाचे तसे नाही. फटीतला खेळ एक मिलिसेकंद चालतो आणि तेवढ्या वेळात ५० मीटर वेगाचा आवेग पाच सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. पाच सेंटिमीटरमध्ये सुमारे ५० फटी. म्हणजे कोणत्याही क्षणी एकाच वेळी पन्नासेक फटी जाग्या असतात, पुढच्या नुकत्या पेटलेल्या आणि मागच्या विझत आलेल्या. गाडीचा पुढचा डबा दादरला आणि मागचा अजून भायखळ्यात, असा प्रकार. बेडकासारखी एकेक उडी मारणारा आवेग पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत छान दिसतो, तंतूत तसा नसतो.

या बारकाव्याचा उपयोग आजारात कळतो. निरोगी फट पुढच्या फटीला पेटवायला लागणाऱ्या प्रवाहाच्या पाच-सात पट प्रवाह पुरवते. एवढी शिल्लक असल्यानेच आवरण थोडेफार खराब झाले तरी सुरुवातीला काही जाणवत नाही.

माकूल, कोळंबी आणि माणूस

आवेग कसा निर्माण होतो हे विज्ञानाला शिकवले माकुलाने. दादरच्या मासळी बाजारात मिळणाऱ्या माकुलाच्या जातभाईंमध्ये एक महाकाय अक्षतंतू असतो, अर्धा ते एक मिलिमीटर जाड, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्यात इलेक्ट्रोड घालून मोजमापे घेतली, १९५२ मध्ये गणित मांडले आणि १९६३ मध्ये नोबेल मिळवले.

माकुलाला मायलिन नसते. वेग वाढवायचा त्याचा उपाय एकच, तंतू जाड करणे. जाड नळीतून प्रवाह सहज जातो. अर्धा मिलिमीटर जाडीचा त्याचा तंतू सेकंदाला २५ मीटरच्या आसपास वेग देतो. माणसाचा मायलिनयुक्त तंतू तेवढाच वेग पाच मायक्रोमीटर जाडीत देतो, म्हणजे शंभरपट बारीक असून. माणसाच्या डोळ्यामागच्या नसेत सुमारे दहा लाख तंतू असतात आणि तिची जाडी काही मिलिमीटर. ते सगळे तंतू माकुलाच्या पद्धतीने बनले असते तर एकेका डोळ्यामागे अर्धा मीटर जाडीचा दोर लागला असता. डोके कुठे ठेवायचे हा प्रश्नच.

मायलिन ही पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचीच मक्तेदारी, असे मात्र नाही. कोळंबीच्या काही जातींत तंतूभोवती तसेच थर असतात आणि वेग सेकंदाला २०० मीटरपर्यंत मोजला गेला आहे. माणसाच्या सर्वांत वेगवान तंतूंचा १२० मीटरच्या आसपास. बाजारात पंधरा रुपयांनी भाव पाडून घेतलेल्या कोळंबीने या बाबतीत गिऱ्हाइकाला मागे टाकले आहे.

एकाच ठेचेत दोन वेदना का?

लालबागच्या गणपतीच्या रांगेत अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या पायावर कुणाचा तरी पाय पडतो. आधी कळतो तो नुसता स्पर्श. त्याचे तंतू जाड, भरपूर मायलिन असलेले. ५० मीटरच्या वेगाने पायापासून मेंदूपर्यंतचा दीड मीटर प्रवास सेकंदाच्या तीन शतांशांत होतो. लगोलग येते ती तीक्ष्ण कळ. तिचे तंतू बारीक, मायलिनचा थर पातळ, वेग पाच ते तीस मीटर. माणूस पाय मागे घेतो, मागे वळून बघतो, आणि मग सेकंदभराने सुरू होते ठसठस. तिला आणणाऱ्या तंतूंना मायलिनच नसते. ठेच लागल्यावर ‘आई गं’ म्हणून झाल्यावर खरे दुखायला लागते, हा सगळ्यांचा अनुभव असतो. त्यात मायलिनच्या तीन पायऱ्या एकामागोमाग जाणवतात.

आवरण गेले की काय होते?

आवरण झडले तर उघड्या पडलेल्या तुकड्यात दारे नाहीत, कारण ती सगळी फटीत गोळा झालेली. म्हणजे झाकलेल्या तंतूचे आवरण काढले की तो ‘साधा, धीमा’ तंतू होत नाही, बरेचदा तो बंदच पडतो. प्रवाह वाटेत गळतो, पुढची फट पेटत नाही. थोडे नुकसान असेल तर आवेग रखडत जातो. हजार तंतूंतले काही वेळेवर, काही उशिरा, काही अजिबात नाहीत. स्नायूला मिळणारी आज्ञा विस्कळीत होते आणि बोटे, पावले साथ देत नाहीत.

शिल्लक संपलेल्या तंतूला उन्हाळाही बाधतो. तापमान वाढले की सोडियमची दारे लवकर बंद होतात, आत येणारा प्रवाह कमी होतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या म्हणजे ‘एमएस’च्या रुग्णांना ताप, गरम पाण्याची आंघोळ किंवा मे महिन्यातला उकाडा यांत तात्पुरते धूसर दिसते, पाय जड होतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊथोफ यांनी हे १८९० मध्ये नोंदवले होते. शरीर थंड झाले की लक्षणे ओसरतात. आजार बळावल्याचे ते लक्षण असतेच असे नाही, हे माहीत नसल्याने अनेक कुटुंबे घाबरून जातात.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनवर हल्ला करते. भारतात तो तुलनेने कमी आढळतो असे मानले जाई. पण मुंबईतल्या पारशी समाजात त्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे १९८८ आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसले. त्यांतला १९९० चा अभ्यास डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याचा. एमएस रुग्णांसाठी काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाही १९८५ मध्ये मुंबईतच सुरू झाली.

पोटातली चौदा इंजेक्शने आणि मेंढीचा मेंदू

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही भीती गिरगाव-लालबागच्या चाळींत दोन पिढ्यांनी बाळगली. त्या लशीचा आणि मायलिनचा संबंध फार जवळचा आहे. कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये तयार केलेल्या पद्धतीत रेबीजचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवत, तो मेंदू वाटून विषाणू निष्प्रभ करत आणि ते मिश्रण टोचत. देशातल्या लस बनवणाऱ्या संस्था, त्यांत परळची हाफकिनही, अनेक दशके मेंढीच्या मेंदूवर आधारित लस बनवत होत्या. तिने असंख्य जीव वाचवले. रेबीज झाल्यावर मृत्यू जवळपास अटळ असल्याने पर्यायही नव्हता.

पण लशीबरोबर मेंढीचे मायलिनही शरीरात जात होते. माणसाचे आणि मेंढीचे मायलिन बरेचसे सारखे. काही जणांत शरीर या परक्या मायलिनविरुद्ध पेटून उठे आणि मग स्वतःच्याच मायलिनवर तुटून पडे. दोन आठवड्यांच्या आसपास ताप, पायांतली शक्ती जाणे, लघवी अडकणे, कधी मृत्यू. कुत्र्याच्या दाताने नव्हे तर उपचाराने लुळेपणा आल्याची ही उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा नोंदली गेली. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. विषाणू अजिबात नसतानाही माकडांच्या मेंदूतले मायलिन झडले. एमएसवरच्या आजच्या संशोधनातला एक मोठा धागा याच प्रयोगापासून निघतो. पुढे १९८७ मध्ये थायलंडमधल्या रुग्णांवरील अभ्यासात हल्ल्याचे मुख्य लक्ष्य मायलिनमधले एक विशिष्ट प्रथिन असल्याचे दिसले.

दक्षिण अमेरिकेत यावर एक चतुर तोड काढली गेली. चिलीमध्ये १९५० च्या दशकात नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूत लस बनवायला सुरुवात झाली. कारण साधे होते : नवजात उंदराच्या मेंदूत मायलिन जवळपास तयारच झालेले नसते. भारतात मेंदूपासूनच्या लशीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता मिळणारी लस प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवलेली असते, ती दंडात चार-पाच भेटींत दिली जाते आणि तिच्यात मेंदूचा अंशही नसतो. जुन्या चौदा इंजेक्शनांच्या धाकाने आज लस टाळणारे अजूनही भेटतात. त्यांना हा फरक सांगायला हवा.

जीबीएसमध्ये हल्ला कुठे होतो?

जीबीएस हा एमएसचा चुलतभाऊ म्हणावा असा, पण त्याचे रणांगण हातापायांच्या नसा. १९१६ मध्ये गिया, बारे आणि स्ट्रॉल यांनी फ्रेंच सैनिकांमध्ये त्याचे वर्णन केले. बहुतेक रुग्णांना एक ते तीन आठवडे आधी जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाणी आणि कच्चे-अर्धकच्चे चिकन हे त्याचे नेहमीचे मार्ग. या जिवाणूच्या कवचावरची काही शर्करायुक्त रेणूरचना मज्जातंतूवरच्या रेणूंशी मिळतीजुळती असते. जिवाणूसाठी तयार झालेली प्रतिपिंडे मग तंतूलाही चिकटतात.

इथे एक फरक महत्त्वाचा. काही रुग्णांत हल्ला मायलिनवर होतो, तर कॅम्पिलोबॅक्टरनंतर अनेकदा तो थेट फटीतल्या उघड्या पटलावर होतो. पहिल्यात एनसीव्हीचा वेग घसरतो, दुसऱ्यात लहरीची उंची. पहिल्या आठवड्यात दोन्ही नॉर्मल दिसू शकतात. म्हणून डॉक्टर यंत्रापेक्षा रुग्णाकडे बघतात : पायांपासून वर सरकणारी अशक्तता, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर न उडणारा पाय, गिळताना ठसका. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. जुलाबानंतर काही दिवसांनी दोन्ही पाय जड वाटू लागले आणि ते वाढत गेले तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सलाइन लावून घरी थांबण्यात मौल्यवान दिवस जातात. प्रतिपिंडांची इंजेक्शने किंवा रक्तद्रव बदलण्याची प्रक्रिया हे दोन्ही उपचार पहिल्या दोन आठवड्यांत अधिक उपयोगी पडतात.

मायलिनला घाबरवणारे शत्रू आणखीही आहेत. ब-१२ जीवनसत्त्वाच्या दीर्घ कमतरतेत मज्जारज्जूतले मायलिन झिजते, डोळे मिटून उभे राहिले की तोल जातो. दूधही न घेणाऱ्या शाकाहारी मंडळींनी आणि वयस्करांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. आणि वडाळ्याला, १८९० मध्ये सुरू झालेल्या महापालिकेच्या ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयात, ज्या आजाराशी इतकी वर्षे झुंज चालू आहे तो जिवाणू तर श्वान पेशीच्या आतच मुक्काम करतो. त्याला शरीराचा थंड, कातडीलगतचा भाग आवडतो, म्हणून कोपराच्या मागची नस सुजते आणि करंगळी वाकते. कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो तो याचमुळे. त्याचे बहुविध औषधोपचार मोफत मिळतात, पण बोटे वाकण्याआधी सुरू झाले तरच हात वाचतो.

आवरण पुन्हा येते का?

हातापायांच्या नसांत येते. तंतू शाबूत असेल तर उरलेल्या श्वान पेशी पुन्हा विभाजित होतात, मोडतोड साफ करतात आणि काही आठवडे ते महिन्यांत नवे वेढे घालतात. जीबीएसचे बहुसंख्य रुग्ण सहा महिन्यांत आधाराविना चालू लागतात ते या जोरावर. तंतूच तुटला असेल तर गणित कठीण. तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मांडीच्या वरच्या भागापासून पावलापर्यंतचे ८० सेंटिमीटर म्हणजे ८०० दिवस, दोन वर्षांहून अधिक. तोवर फिजिओथेरपीने सांधे आणि स्नायू टिकवून धरावे लागतात. मेंदू आणि मज्जारज्जूत दुरुस्ती होते, पण अपुरी. एमएसवरची औषधे म्हणूनच नवे हल्ले रोखण्यावर भर देतात, झडलेले मायलिन परत आणणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे.

नव्याने आलेले आवरण जुन्यासारखे नसते. वेढे कमी असतात आणि तुकडे आखूड, एक मिलिमीटरऐवजी त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे. फटी वाढल्या, थांबे वाढले. त्यामुळे दादरच्या पुलावरून पुन्हा चालत घरी जाऊ लागलेल्या रुग्णाची वर्षभराने एनसीव्ही केली तर वेगाचा आकडा अनेकदा पूर्वीपेक्षा कमीच दिसतो. तो पाहून धास्तावण्याचे कारण नसते. आवेग सगळ्या तंतूंतून पोहोचतो आहे, फक्त गाडी जलदची अर्धजलद झाली आहे, आणि चालायला तेवढा वेग पुरतो.